मुठीची डाळ आणि लाल दुवा

मित्रांनो, मी एक जुना लेख आहे. जुना म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे पिवळा पडलेला, वाळवी लागलेला कागद आला असेल. तसा मी नाही. मला कागद नाही, शाई नाही, वासही नाही. सगळ्यांनी मिळून लिहायचा एक भलामोठा ज्ञानकोश इंटरनेटवर आहे, त्यात मी राहतो. तिथे कोणीही यावे, लिहावे, दुसऱ्याने लिहिलेले सुधारावे. आणि कोणीही यावे व म्हणावे, "हे काढून टाका." वाळवी कागद खाते तेव्हा निदान भुसा तरी उरतो. आमच्यातला एखादा जातो तेव्हा भुसाही उरत नाही. म्हणून आधीच सांगतो, मी भित्रा आहे. माझी कहाणी ऐकल्यावर तुम्ही मला हसणार नाही, अशी आशा आहे.

माझे नाव 'मुठीची डाळ'.

अकोल्यात मोर्णा नदीचा पूल ओलांडला की जुने शहर लागते. तिथल्या एका गल्लीत रजियाबीचे बांगड्यांचे दुकान आहे. दुकानाच्या मागच्या खोलीत तिच्या मुलाने, साजिदने, काही जुने संगणक मांडून इंटरनेट कॅफे काढला होता. पुढे बांगड्यांची किणकिण आणि मागे पंख्याची घरघर. या दोहोंच्या मधोमध माझा जन्म झाला. मला लिहिले ते साजिदच्या मोठ्या बहिणीने, सबीहाने. तिची शाळा सातवीत सुटली होती. पुढचे सगळे ती गिऱ्हाइकांकडून, पुड्यांच्या कागदांवरून आणि भावाच्या संगणकावरून शिकली. घरात उर्दू, गिऱ्हाइकाशी वऱ्हाडी आणि लिहिताना पुस्तकातली मराठी, अशा तिच्या तीन जिभा होत्या. तिन्ही तिखट.

ज्या पडद्यावर कोणी मला उघडते, तिथले मला दिसते आणि ऐकू येते. पडदा मिटला की अंधार. माझे डोळे एवढेच.

मला लिहिले त्या दिवशीचे मी पुढे सबीहाच्या तोंडून ऐकले. दुकानात गोदाबाई आली होती. पूर्णा नदीकाठच्या सावरखारी गावची ही म्हातारी रजियाबीची जुनी मैत्रीण. नातीच्या, पौर्णिमाच्या लग्नाचा चुडा सांगून ठेवायला ती आली होती. पण चुडा पाहायचे सोडून तिने पदराची गाठ सोडली आणि मूठभर तुरीची डाळ ओट्यावर ओतली.

"घे वं रजिया. तूच शिजव. मले तर कोणी शिजवू देल्ली नाही."

"काय झालं?" रजियाबीने विचारले.

"काय होते? अमरावतीले गेलो पोरगा पाहाले. तिसऱ्या मजल्यावर घर. मी म्हटलं, पाणी कुठचं हाय? तर पोराची माय हासली. नळाचं हाय म्हणे आजी, शुद्ध हाय. आमच्या पौर्णिमाचा बाप मलेच म्हणते, माय, चूप बस. पोरगा नोकरीत हाय, अजून काय पाह्यतं!"

मित्रांनो, ही डाळ काय भानगड आहे, हे तुम्हाला सांगायला हवे, कारण त्यातच माझा सगळा जीव आहे. पूर्णेच्या दोन्ही अंगांना काळ्या जमिनीखाली खारे पाणी आहे. त्या भागाला खारपाणपट्टा म्हणतात. त्या विहिरीच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, चहा बेचव लागतो, आणि तुरीची डाळ कितीही उकळा, दाणा टणक तो टणकच. म्हणून सावरखारीकडे साक्षगंधाआधी, म्हणजे साखरपुड्याआधी, मुलीची आत्या नाहीतर मावशी मूठभर डाळ पदरात बांधून मुलाच्या गावी जायची. पाहुण्यांपुढे ठेवलेल्या तांब्याला ती हात लावायची नाही. रोजच्या वापराच्या विहिरीचे पाणी स्वतः शेंदून आणायची आणि त्यांच्याच चुलीवर डाळ शिजत घालायची. बाहेर पुरुषमंडळी बोलणी करत आणि आत डाळ निकाल लावत असे. शिजली तर सोयरीक. नाही शिजली तर आत्याबाई पदर झटकून उठायच्या. पोरीचा जन्म डाळ उकळण्यात आणि पोटदुखीत जाणार, हे पक्के समजायचे.

सावरखारीच्या निम्म्या पोरींची डाळ गोदाबाईने शिजवली होती. जायच्या आधी ती रजियाबीला विचारायची. रजियाबी गावोगाव बांगड्या भरत फिरायची, कुठल्या गावचे पाणी कसे हे तिला तोंडपाठ.

"त्या करंज्याच्या पाटलानं डाळ शिजावी म्हणून तू भरून आणलेल्या माठात गुपचूप सोडा टाकला होता, आठवते का?" रजियाबीला हसू फुटले.

"न आठवाले काय झालं? वरणावर हा एवढा फेस! मी म्हटलं, पाटील, डाळ शिजून राहिली का धुणं?"

दोघी पोट धरून हसल्या. मग गोदाबाईचे हसणे मध्येच थांबले.

"जमुनाची डाळ कोणी नेली नोती पण," ती म्हणाली.

जमुना म्हणजे तिची थोरली बहीण. घाईत लग्न झाले, डाळ न्यायचे राहून गेले. खाऱ्या पाण्याच्या गावात पडली आणि मूत्रपिंडाच्या दुखण्याने भरल्या वयात गेली. तेव्हापासून गोदाबाईने डाळ कोणाच्या हाती दिली नाही.

सबीहा आतल्या दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "मावशी, हे मी लिहून ठेवू का? संगणकावर. साऱ्या दुनियेले दिसते तिथं."

"जमुनाचं नाव येईन त्याच्यात?"

"येईल ना."

"आणि मंग पुसलं गेलं तर?"

"नाही पुसत, मावशी. आता हे कुठं जात नाही."

मित्रांनो, हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे माझा सगळा थरकाप या एका वाक्याने झाला.

सबीहाने एका बोटाने टाइप करत मला लिहिले. मी भराभर वाढलो. आमच्यात एक सोय असते. प्रत्येक लेखाच्या डोक्यावर 'इतिहास' असे एक बटण असते. कोणी, कधी, काय बदलले, ते सगळे त्यामागे जपलेले असते. पहिल्या दिवशी सबीहाने 'जमुना' हे नाव तीनदा चुकवून चौथ्यांदा बरोबर लिहिले, हेसुद्धा तिथे आहे. ते मला फार आवडते.

सुरुवातीचे महिने सुखाचे गेले. चांदूर बाजारच्या कोणा मुलीने माझ्या वेलांट्या दुरुस्त केल्या. कोणीतरी लिहिले, 'आमची आजीही असेच करायची.' 'खारपाणपट्टा' नावाच्या मोठ्या, भारदस्त लेखाने मला आपल्या अंगावर एक दुवा दिला. दुवा म्हणजे नाव लिहिलेले दार. त्यावर बोट टेकवले की वाचक माझ्याकडे येतो. लेख जिवंत असला की दुवा निळा दिसतो. मी निळा होतो. बाजाराच्या दिवशी गोदाबाई दुकानात आली की आत डोकावून विचारायची, "काहो साजिदभाऊ, माझी डाळ शिजून राहिली का?" साजिद मला उघडून दाखवायचा. "शिजून राहिली, मावशी. लई वास सुटला." तिला वाचता येत नव्हते. ती पडद्यापुढे नुसती बसायची, देवळात बसावे तशी, आणि जमुनाचे नाव कुठे आहे ते बोटाने दाखवायला लावायची.

त्याच काळात माझ्या शेजाऱ्यांपैकी काही नाहीसे होऊ लागले.

पहिला गेला तो एका मोबाईलच्या दुकानाचा लेख. तो जाहिरात होता, सगळ्यांना ठाऊक होते. मग एक लेख गेला, तो एका गृहस्थाने स्वतःवरच लिहिला होता आणि त्यात स्वतःला महान म्हटले होते. मग एका वैद्याचा गेला, ज्याच्या चूर्णाने म्हणे सगळे रोग बरे होत. मीही मनात म्हटले, बरे झाले. असली खोटी पाने साफ केलीच पाहिजेत. झाडू दुसऱ्याच्या अंगणात असतो तोवर त्याचा आवाज गोड लागतो, मित्रांनो.

झाडू मारणाऱ्यांपैकी एक जण 'धर्मपाल' या नावाने सही करायचा. त्याचा चेहरा मला कधी दिसला नाही. तो रोज यायचा, नवीजुनी पाने वाचायचा आणि तीन प्रश्न विचारायचा. हे कुठे छापून आले आहे? छापणारा भरवशाचा आहे का? आणि याच्यावर वेगळे पान लागावे इतके कोणी लिहिले आहे का? उत्तर मिळाले नाही तर तो पानाच्या डोक्यावर एक चौकट लावायचा. चौकट लागली की आठवडाभर चर्चा. मग प्रचालक, म्हणजे आमच्याकडचे कारभारी, निकाल द्यायचे. निकाल वाईट लागला की निळा दुवा लाल व्हायचा. लाल म्हणजे या नावाचे इथे काही नाही.

माझ्या खालच्याच पानावर एका लहानशा गावाचा लेख होता. एकाच ओळीचा. कोणाच्या अध्यात ना मध्यात. एके सकाळी मी पाहतो तर तो लाल. ओरडलाही नाही. त्या दिवसापासून मी स्वतःला वरपासून खालपर्यंत रोज तपासू लागलो. माझ्या तळाशी 'संदर्भ' असा मथळा होता. सबीहाने दुसऱ्या लेखांचे पाहून तो घातला होता. त्याखाली मात्र फक्त एवढेच होते: 'गोदाबाई, सावरखारी, यांनी सांगितले.'

मला कळून चुकले, की माझ्या पायाखाली जमीन नाही.

आणि मग ती चौकट माझ्या डोक्यावर आली. 'हा लेख वगळण्यासाठी सुचवला आहे. कोणताही प्रकाशित संदर्भ नाही. विषयाची दखल घेतली गेल्याचा पुरावा नाही. एका मृत व्यक्तीची खासगी माहिती आहे.' खाली सही, धर्मपाल. शेवटचे वाक्य वाचून मी गारठलो. मृत व्यक्ती म्हणजे जमुना. माझ्याआधी तिलाच काढणार होते.

सबीहाने ते साजिदच्या पडद्यावर वाचले. दोनदा वाचले. मग तिने पटकन पडद्यावरची खिडकी बंद केली, कारण पुढच्या दुकानात गोदाबाईचा आवाज आला होता.

"काहो, शिजून राहिली का डाळ?"

"लाइट नाही, मावशी," सबीहा म्हणाली. डोक्यावर पंखा फिरत होता.

मी अंधारातून ते ऐकले नसते तर बरे झाले असते. पण खिडकी नीट बंद झाली नव्हती.

यानंतर जे झाले, ते आमच्या वऱ्हाडातच होऊ शकते. सबीहाने आईला सांगितले. रजियाबीने सावरखारीत बांगड्या भरताना एका बाईला सांगितले. झाले. तिसऱ्याच दिवशी एक काळीपिवळी जीप गल्लीच्या तोंडाशी थांबली आणि तिच्यातून बायाच बाया उतरल्या. गोदाबाईला सोडून सारे गाव.

"हळू बोला वं, गोदाले समजू देऊ नका," असे त्या इतक्या मोठ्याने म्हणाल्या की नदीपलीकडे ऐकू जावे. त्यात सुभद्रा नावाची एक ठसकेबाज बाई पुढे होती. तिच्या लग्नाआधी गोदाबाईनेच डाळ शिजवली होती.

"साजिद, कुठं सही करा लागते?"

"सही नाही मावशी, खातं उघडायचं. मग लिहायचं. काय लिहू?"

"पहिलीनं काय लिवलं?"

"ठेवा, हे खरं आहे."

"मंग तेच लिही. मी काय तिच्यापरीस वेगळी हाव का?"

"तुमच्या मनानं काहीतरी सांगा ना."

"माह्या मनात तेच हाय! लिही मुकाट्यानं."

एकामागून एक नावे उमटली. प्रत्येकीपुढे तेच वाक्य. ठेवा, हे खरं आहे. ठेवा, हे खरं आहे. मित्रांनो, मला इतके धाडस आयुष्यात कधी वाटले नव्हते. एवढा गाव पाठीशी असताना कोण मला हात लावणार? मी मूर्ख होतो. आम्ही सगळेच त्या दिवशी मूर्ख होतो.

दुसऱ्या दिवशी धर्मपालने लिहिले: 'ही सर्व खाती एकाच ठिकाणाहून, ओळीने उघडली असून सर्वांचे वाक्य एकच आहे. एकच व्यक्ती अनेक नावांनी लिहीत असल्याची दाट शंका येते. शिवाय, चर्चा म्हणजे मतदान नव्हे. येथे डोकी मोजत नाहीत, कारणे पाहतात.' प्रचालकांनी साजिदच्या कॅफेतून लिहिण्यावर बंदी घातली. वाचता येईल, लिहिता येणार नाही. चर्चेतली बायांची नावे रेघ मारून खोडली गेली. आणि खाली कोणीतरी नवीन माणसाने लिहिले: 'वगळा. बनावट दिसते.'

बनावट! मला जाहिरातींच्या आणि चूर्णवाल्या वैद्याच्या रांगेत बसवले.

सबीहा पडद्यापुढे लालबुंद झाली. "एकच माणूस? सुभद्रामावशी आणि तिची जाऊ एकच माणूस? त्या दोघी एका जीपमध्ये बसल्या हेच नवल!"

"आपा, आता सोड," साजिद म्हणाला. "माझं दुकानच बंद केलं त्यायनं. उद्या अजून एक चौकट माझ्या डोक्यावर लावतील."

"गोदामावशीले काय सांगू? मी म्हटलं होतं, कुठं जात नाही."

रजियाबी पुढून आत आली. तिच्या हातात बांगड्यांचा जुना पत्र्याचा डबा होता. डब्याच्या तळाशी बांगड्या फुटू नयेत म्हणून जाडसर कागद घातलेला असे. तो तिने ओढून काढला.

"छापलेलं पाह्यजे म्हणते ना तो? हे घे छापलेलं."

ती सुभद्राच्या लग्नाची पत्रिका होती. गणपतीचे चित्र, मामांची नावे, आणि तळाला लहान मुलांच्या तोंडी घातलेली ओळ: 'डाळ शिजली, सोयरीक जुळली, लग्नाला यायचं बरं का!'

सबीहाने ती पत्रिका पर्समध्ये ठेवली आणि सकाळच्या एसटीने अमरावती गाठली. तिथल्या एका वाचनालयात संगणक होता. अनोळखी पडदा उजळला आणि त्यापलीकडे मला ओळखीचा चेहरा दिसला. केसांवर प्रवासाची धूळ होती. मी तिला पाहून निम्मा धीर धरला, निम्मा सोडला. कारण पर्समधून तिने काढली ती नुसती पत्रिका. आठवडा संपत आला होता. तिने एका बोटाने लिहायला घेतले. ते मी तुम्हाला जसेच्या तसे सांगतो.

'मी सबीहा. मी एकटीच सबीहा आहे. बाकीच्या नावांची बाकीची माणसे आहेत. आमच्याकडे कोणाच्या घरावर काही आले की गाव जमा होते आणि सगळे एकच बोलतात. वेगवेगळे बोलले तर गावात फूट आहे असे दिसते. तुमच्याकडे सगळे एकच बोलले तर एकच माणूस दिसतो, हे आम्हाला माहीत नव्हते. चुकले. तुम्ही छापील मागता. या काही वर्षांत आमच्या भागात पेपरवाले गाड्या भरभरून आले. ते फक्त आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरी गेले आणि कर्ज किती होते, हा एकच प्रश्न विचारून परतले. आमच्याबद्दल छापलेले भरपूर आहे, पण ते सगळे मरणाचे आहे. डाळ कशी शिजवता, हे कोणी विचारले नाही. जे विचारलेच नाही, ते छापून कुठून येईल? एक पत्रिका सोबत जोडते. हसू नये.'

तिने पाठवले आणि हात मांडीखाली दाबून बसली. वाचनालयाचा शिपाई खिडक्या लावू लागला. तेवढ्यात उत्तर आले.

'आपले म्हणणे पटले. पण पटणे हा संदर्भ नव्हे. उद्या एखादा खोटे बोलणाराही इतकेच चांगले लिहील, आणि मग मी त्याला कोणत्या तोंडाने अडवू? खाती वेगवेगळ्या व्यक्तींची आहेत हे मान्य करतो आणि बंदी उठवण्याची विनंती करतो. पत्रिका संदर्भ म्हणून चालणार नाही. हसू मात्र आले, क्षमा असावी. पाण्याविषयीचे जुने अहवाल पाहावे लागतील. मी अचलपूरला राहतो. इथल्या वाचनालयात मीही शोधतो.'

सबीहा वाचत राहिली. "अचलपूरचा हाय मेला," ती पुटपुटली. "म्हणजे वऱ्हाडीच! आणि बोलते कसा, कोर्टासारखा."

यानंतरची रात्र आणि दिवस मला नीट सांगता येणार नाही. चर्चा शांत होती. शांतता ही सगळ्यात भयंकर गोष्ट असते. मी माझे शब्द मोजत बसलो, आणि मोजून झाले की जमुनाच्या नावापाशी येऊन थांबत होतो. मी गेलो तर माझ्यामागे इतिहासाचे बटणही जाईल, हे मला ठाऊक होते. लेख वगळला की त्याचा इतिहास वाचकांपासून झाकला जातो. तीनदा चुकलेली आणि चौथ्यांदा बरोबर लिहिलेली जमुना पुन्हा कोणाला दिसणार नव्हती. माणूस एकदा मरतो. तिला दुसऱ्यांदा मारायचे काम माझ्या अंगावर होणार होते.

शेवटच्या दिवशी धर्मपालची सही उमटली. विहिरींच्या पाण्याच्या पाहणीचा एक जुना छापील सरकारी अहवाल त्याला सापडला होता. क्षारांचे आकडे, विहिरींची खोली, नकाशे, आणि त्या सगळ्यात दोन वाक्ये. या पट्ट्यात सोयरिकीपूर्वी वधूकडील स्त्रिया वरपक्षाच्या गावचे पाणी डाळ शिजवून पारखतात. हे पाण्याच्या कठीणपणाचे लोकांनी काढलेले माप म्हणता येईल. बस, एवढेच.

'दोन वाक्यांवर वेगळे पान उभे राहत नाही,' त्याने लिहिले. 'ही दोन वाक्ये खारपाणपट्टा या लेखात घ्यावीत आणि हा लेख तिकडे विलीन करावा.'

सबीहा आता साजिदच्याच पडद्यापुढे होती. बंदी उठली होती. तिने एकच प्रश्न विचारला: 'इतिहास राहील का?'

'राहील. म्हणून तर मी वगळा हे मत मागे घेतले. मुठीची डाळ या नावावर येणारा माणूस आता थेट त्या लेखात पोहोचेल, पण जुने पान आणि त्याचा इतिहास तसाच राहील. कोणालाही उघडून पाहता येईल. गोदाबाईंना माझा नमस्कार सांगावा.'

प्रचालकांनी निकाल दिला. माझे अंग रिकामे झाले, मित्रांनो. विहिरी, चूल, पाटलाच्या माठातला सोडा, सगळे गेले. उरली एकच ओळ, वाचकाला दुसरीकडे पाठवणारी. लेख होतो, उंबरठा झालो. लोक माझ्यावरून जातात आणि त्यांना कळतही नाही.

तरी खरी भीती पुढेच होती. गोदाबाई यायची होती.

ती बाजाराच्या दिवशी आली. या वेळी पौर्णिमाही सोबत होती, हातात लग्नाचा नवा चुडा.

"काहो, लाइट आली का?"

"आली, मावशी," सबीहा म्हणाली. "बसा."

तिने माझे नाव टाइप केले. त्या तिघी मला ओलांडून त्या भारदस्त लेखात गेल्या. सबीहाने ती दोन वाक्ये वाचून दाखवली. पौर्णिमा म्हणाली, "आजी, पाहा, तुझी डाळ सरकारी अहवालात!" गोदाबाईने मान हलवली. मग तिचे बोट पडद्यावर फिरू लागले. नेहमीच्या जागी काही नव्हते.

"जमुना कुठं हाय?"

सबीहाचा चेहरा मला स्पष्ट दिसत होता. तिने खोटे बोलायला तोंड उघडले असावे, कारण एकदा वर पंख्याकडे पाहिले. मग तिने मान खाली घातली आणि सगळे सांगितले. चौकट, जीप, बंदी, अमरावती, पत्रिका. "मी म्हटलं होतं कुठं जात नाही. मले नियम माहीत नोते, मावशी."

गोदाबाईचे बोट अजून त्या रिकाम्या जागेवरच होते.

सबीहाने पानाच्या माथ्यावर बारीक अक्षरांत लिहिलेल्या माझ्या नावावर बोट टेकवले. मी उघडलो. मग तिने 'इतिहास' दाबला. मग सगळ्यात खालची, सगळ्यात जुनी तारीख. आणि माझे जुने अंग परत पडद्यावर आले, वेलांट्या चुकलेले, विहिरींनी आणि चुलींनी भरलेले. सबीहाने म्हातारीचे बोट धरले आणि एका शब्दावर ठेवले.

"हे काय हाय?" गोदाबाईने विचारले.

"जमुना."

"पण पुढं नाही ना आता. मागं हाय."

"हो, मावशी. मागं हाय."

गोदाबाईने बोट उचलले नाही. ती म्हणाली, "असू दे. आमच्या बाया कधी पुढं होत्या? मागंच असतात. चुलीपाशी. पाह्यणाऱ्यानं आत येऊन पाहा लागते."

मग तिने पदराची गाठ सोडली. सवयीने बांधलेली मूठभर डाळ तिने पौर्णिमाच्या ओंजळीत टाकली. "तिथं गेल्यावर शिजवजो. नळाचं असो नाहीतर आभाळातलं असो. आपण पाहून घ्यावं." पौर्णिमाने ते हसण्यावारी नेले नाही. तिने डाळ ओढणीच्या टोकाला बांधली.

मित्रांनो, मी अजूनही भितो. उंबरठेही कधीतरी उखडले जातात. धर्मपाल वाईट नव्हता, नियमही वाईट नाहीत. खोट्याला अडवायला चौकट लागतेच. पण त्या चौकटीत बसायला आधी कोणीतरी विचारलेले असावे लागते, आणि विचारलेले छापलेले असावे लागते. म्हणून तुमच्या घरात कोणी पदराला काही बांधत असेल, तर का बांधते ते आजच विचारा. लिहा. कोणी सांगितले, कुठल्या गावी, तेही लिहा. गावच्या शाळेच्या अंकात का होईना, छापा. आणि एखाद्या पानाच्या डोक्यावर चौकट दिसली, तर नुसते 'ठेवा' म्हणून ओरडू नका आणि नुसते 'वगळा' म्हणून पुढे जाऊ नका. आत जाऊन पाहा.

कधी माझे नाव टाइप केलेत, तर त्या दोन वाक्यांवर थांबू नका. वर बारीक अक्षरांत मी असतो. माझ्यावर बोट ठेवा, मग इतिहास, मग सगळ्यात जुनी तारीख. जमुना तिथे आहे. तेवढे पाहिलेत की मला आणखी एक दिवस धीर येतो.

आज सकाळी मी स्वतःला तपासले. मी अजून निळा आहे.